सोमवारची खुर्ची

सोमवारी त्यांच्या ऑफिसात फोन करून ‘मॅडम आहेत का?’ असे विचारले तर सरळ उत्तर मिळत नसे. ‘कुठल्या मॅडम पायजेत? आजच्या का कायमच्या?’ असा उलटा प्रश्न येई. नवा माणूस गोंधळून फोन ठेवून देत असे. जुना माणूस ‘आजच्याच द्या’ म्हणे, कारण कायमच्या मॅडम सोमवारी फोनवर येत नसत. त्या दाराजवळच्या टेबलावर बसून कुठल्या तरी दूध संस्थेचे फॅटचे आकडे कॉम्प्युटरवर चढवत असत. फोन त्यांच्या हाताशी वाजत असला तरी त्या मान वर करत नसत.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात एक बाई स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी चालवते, ही बातमी होती. मी तेव्हा एका दैनिकात होते आणि ती बातमी करायला गेले होते. बातमी आतल्या पानावर, वाढदिवसाच्या जाहिरातीखाली छापून आली. काही महिन्यांनी मी त्याच ऑफिसात कामाला लागले. काम होते माहितीपुस्तिका लिहिण्याचे. दूध संस्थेचा सचिव, पतसंस्थेचा क्लार्क, कारखान्याचा टाइमकीपर यांना कॉम्प्युटर कसा चालवायचा ते मराठीत सांगायचे.

पहिल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी ‘कृपया एन्टर दाबावे’ असे लिहिले होते. मॅडमनी ‘कृपया’वर पेनाने रेघ मारली.

“कुणापुढं हात जोडायलीस? बटन हाय त्ये. ‘एन्टर दाबा.’ बास.”

ऑफिस उद्यमनगरात होते, एका लेथच्या वर्कशॉपच्या वर, दोन खोल्यांत. खाली लेथ सुरू झाला की वर पडद्यावरची अक्षरे थरथरत. थरथरत्या अक्षरांत चूक लवकर दिसते, असे मॅडम आलेल्या पाहुण्यांना सांगत. खरे कारण भाडे कमी होते हे होते. खालच्या मिस्त्रींनी त्यांना लोखंडी पाइपची एक खुर्ची करून दिली होती. ती इतकी जड होती की सरकवायला दोन माणसे लागत. त्यामुळे खुर्ची जागची हलत नसे, माणसे हलत.

ही पद्धत कंपनी सुरू झाली तेव्हापासूनची होती. दर सोमवारी ऑफिसातली एक जण मॅडमच्या खुर्चीत बसे. त्या दिवशी फोन, पाहुणे, रजा, भांडणे, सगळे तिच्याकडे. मॅडम दाराजवळच्या टेबलावर आकडे चढवत आणि काही अडले तर आत जाऊन विचारत, “मॅडम, ह्ये कसं करू?” त्यात थट्टा नसे. उत्तर मिळेपर्यंत त्या उभ्या राहत. आणि नियम एकच होता. सोमवारी खुर्चीतून जे ठरेल ते मंगळवारी मॅडमना बदलता येणार नाही.

याचे परिणाम व्हायचे ते झाले. एका सोमवारी खासबागेत मोठी कुस्ती होती. खुर्चीत इचलकरंजीची होती. तिच्या भावांचे यंत्रमाग होते, घरात मागांच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे ती कुजबुजली तरी खाली मिस्त्रींना ऐकू जाई. तिने अकरा वाजता जाहीर केले, “आज सगळ्यांना सुट्टी. आमच्या म्हाताऱ्या आबांना कुस्ती बघायला सोबत पायजे.” मॅडमनी कॉम्प्युटर बंद केला, पर्स उचलली आणि निघाल्या. सुट्टी सगळ्यांना होती. दुसऱ्या एका सोमवारी कोडोलीच्या मुलीने मार्केटिंगसाठी एक गृहस्थ नेमला. तो दिवसभर टाय नीट करत असे. मॅडमनी त्याला वर्षभर सांभाळला, कारण तो सोमवारी नेमलेला होता.

मुलींना गावाच्या नावाने ओळखण्याची प्रथाही त्यांचीच. सुरुवातीला ऑफिसात एकाच नावाच्या तिघी होत्या. मॅडमनी पहिल्याच दिवशी वाद मिटवला: “तू कोडोलीची, तू इचलकरंजीची, तू मलकापूरची.” पुढे वेगळ्या नावाच्या मुली आल्या, त्यांनाही तेच. दोन मुलगेही होते. त्यांना मात्र नावाने हाक मारत. मुलगे कमी असल्यामुळे गोंधळ होत नाही, असे कारण होते.

दिसायला त्या ठेंगण्या होत्या. सुती साडी, साडीखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर मोठ्या डायलचे पुरुषी घड्याळ. मोपेडवर बसताना त्या डोक्यावर कारखान्यातले पिवळे हेल्मेट घालत. गावात त्यांना वीज मंडळाच्या बाई समजून लोक रस्त्यात थांबवत आणि लाइट कधी येणार म्हणून विचारत. त्या मोपेड थांबवून म्हणत, “येतीय की, दमा जरा.” खुलासा करण्यात वेळ जातो, असे त्यांचे मत होते. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसे त्याही ‘मी येतो, मी जातो’ म्हणत. पुण्याहून आलेला एक कॉम्प्युटर विक्रेता तासभर त्यांच्याशी बोलून गेला आणि खाली मिस्त्रींना म्हणाला, “बाई आहेत, पण बोलतात साहेबांसारख्या.” मिस्त्री म्हणाले, “अवो पावणं, हितं माझी आज्जीबी तशीच बोलत हुती.”

नोकरीसाठी मुलगी आली की त्या तिचे परीक्षेतले गुण बघत नसत. “खाली जा. मिस्त्री काय करायल्यात बघ. वर येऊन मला सांग,” एवढेच. काही मुली खाली जायला तयार नसत, त्या तिथूनच घरी जात. काही जणी वर येऊन “काहीतरी मशीनचं काम आहे” म्हणत, त्याही घरी जात. मलकापूरची खाली गेली आणि बराच वेळ वर आलीच नाही. शेवटी मॅडम जिन्यात जाऊन डोकावल्या. ती मिस्त्रींशी भांडत होती. पंपाचा शाफ्ट लेथवर होता, आणि त्याचे माप मिस्त्री डोक्यात ठेवतात, भिंतीवर लिहीत नाहीत, उद्या ताप आला तर काम कोण पुरे करणार, असा तिचा मुद्दा होता. मिस्त्री वैतागून वर बघत म्हणाले, “मॅडम, हिला वर घ्या न्हायतर मी लेथ बंद करतो.”

“आली कामाला,” मॅडम म्हणाल्या.

या मलकापूरच्या मुलीचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. एका सोमवारी ते पूर्वसूचना न देता आले. मुलीला बघायला त्याच आठवड्यात पाहुणे येणार होते, आणि तिला घेऊन जायचे होते. दाराजवळच्या टेबलावर एक ठेंगणी बाई आकडे चढवत होती. तिला त्यांनी विचारले, “पोरीची मॅडम कुठं हाय?”

“आत बसल्यात. रजा पायजे असंल तर अर्ज लिवा आणि आत द्या.”

वडिलांनी उभ्या उभ्या अर्ज लिहिला. टोपी सरळ केली, दार ढकलले आणि आत त्यांची मुलगी खुर्चीत बसलेली दिसली. मग मुलीने हात पुढे केला आणि अर्ज वाचला.

“ह्या आठवड्यात न्हाय जमणार,” ती म्हणाली. “गडहिंग्लजच्या संस्थेचं काम हाय. फुडल्या आठवड्यात घ्या.”

वडील बाहेर आले. मॅडमना म्हणाले, “बाई, तुमच्या मॅडमना जरा सांगा की.”

“माझं कोण ऐकतंय?” मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. मुलाच्या काकांनी विचारले, लग्नानंतर मुलगी नोकरी करणार का? वडील म्हणाले, “त्ये तिला इचारा. मी सोता अर्ज करून तिची रजा काडलीया.” ते लग्न जमले नाही. वडिलांना त्याचे विशेष वाटल्याचे दिसले नाही. त्यानंतर कोल्हापूरच्या फेरीला असले की ते उद्यमनगरात डोकावत आणि आज खुर्चीत कोण आहे ते विचारून जात.

सोमवारची पद्धत का, हे मॅडमनी मला एकदाच सांगितले, तेही डबा खाताना. त्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कितीतरी हंगाम होत्या. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तो त्यांनीच चालवला, पगार त्यांनीच त्यावर बसवले. पुढे संगणक विभागाला प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडूनच काम शिकलेल्या एका गृहस्थाला नेमले. कारण असे दिले की हंगामात उसाचा वजनकाटा चोवीस तास चालतो, गाडीवानांशी गाठ असते, बाईमाणसाला ते झेपायचे नाही.

“झेपंल का न्हाय, ह्ये बसवून बघितल्याबिगर कसं कळणार?” त्या म्हणाल्या. “मला कुणी बसवूनच बघितलं न्हाय. मग म्हटलं, आपुन बसवून बघू.” मग त्यांनी डब्यातली मेथीची भाजी माझ्या डब्यात वाढली आणि विषय संपला.

त्याच कारखान्याचे चेअरमन एका सोमवारी आले. दशकाचा शेवट जवळ आला होता. दोन जीपगाड्या खाली थांबल्या, मिस्त्रींनी लेथ बंद केला. चेअरमनसोबत विभागप्रमुख होते, तेच जुने गृहस्थ. आता त्यांचे केस पिकले होते. दारातच त्यांना मॅडम दिसल्या, चष्मा नाकावर, बोटे आकड्यांवर.

“बाई, तुम्ही हितं? दाराशी?”

“आज माझा वार न्हवं. आत जावा.”

आत मलकापूरची होती. चेअरमन तरुण होते, वडिलांच्या जागी नुकतेच आले होते. ते समोर बसले आणि त्यांनी काम सांगितले. उसाच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर बसवायचा. गाडी भरून आली की एक वजन, रिकामी परतली की दुसरे, मधला फरक म्हणजे ऊस, आणि जागेवर छापील पावती. मोळीच्या दिवशी, म्हणजे गव्हाणीत पहिली मोळी टाकून हंगाम सुरू होतो त्या दिवशी, पहिल्या गाडीपासून ते चालले पाहिजे.

मलकापूरचीने बरेच प्रश्न विचारले. काटे किती, बैलगाड्या किती, वजन बैलांसकट करता का बैल सोडून. चेअरमन प्रत्येक प्रश्नाला विभागप्रमुखांकडे बघत. शेवटी ती म्हणाली, “होतंय. पण हंगामभर काट्यावर मी बसणार. आणि काट्यावरच्या मशीनवर माझ्याशिवाय कुणाचा हुकूम चालणार न्हाय.”

“काट्यावर पोरगी?” चेअरमन हसले. “गाडीवानांच्या शिव्या ऐकल्यायस का कधी?”

“वडील एसटीत हायत साहेब. घाटात ऐकलेल्या हायत.”

विभागप्रमुख मध्ये पडले. त्यांची अट अशी होती: पहिल्या दिवशी मशीन बंद पडले तर पोरीने काटा सोडायचा. त्यांचा पुण्याचा एक माणूस तयार होता, तो बसेल. आणि पुढचे कारखान्याचे सगळे काम त्याचे.

बाहेरच्या टेबलावरचा टाइपिंगचा आवाज थांबला नाही. मलकापूरचीने दाराकडे एकदा बघितले.

“चालंल,” ती म्हणाली.

जीपगाड्या गेल्या. सगळ्या जणी मॅडमभोवती जमल्या. एवढे मोठे काम कंपनीला कधी मिळाले नव्हते, आणि गेले असते तर जिल्ह्यातले दुसरे कारखानेही गेले असते. इचलकरंजीची ओरडली, “मॅडम, असली अट कोण घेतंय? फोन लावा की!”

“मला काय इचारतीस? खुर्चीत कोण हाय?” मॅडम म्हणाल्या. “आणि जरा हळू. मिस्त्री जेवायलेत.”

मंगळवारी सकाळी चेअरमनचाच फोन आला. त्यांनी रात्री विचार केला होता. अट बिट राहू दे, मॅडमनी स्वतः काट्यावर यावे, कारखान्याची माणसे त्यांना ओळखतात, ऐकतील. फोनचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळे ऐकू येत होते. ज्या कारखान्याने त्यांना काट्यावर नको म्हटले होते, तोच त्यांना काट्यावर बोलावत होता. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“सोमवारचं मंगळवारी बदलत न्हाय साहेब,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मलकापूरचीला बोलावले आणि काट्याविषयी जे ठाऊक होते ते सगळे सांगितले. ते सांगायला दुपार गेली. त्यातले एक वाक्य माझ्या लक्षात आहे: “गाडी चढली की कुणीतरी हळूच काट्यावर पाय ठेवतंय. कुणी पाय ठेवतंय, कुणी ढोपर टेकतंय. काटा बघू नगंस, काट्याच्या कडंला बघ.” मलकापूरचीने त्यावर प्रोग्राममध्ये एक अडसर घातला. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जड निघाली तर मशीन तिथेच थांबेल, गाडी पुन्हा काट्यावर घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही. तसा आकडा हाताने घालायचा एक मार्ग होता, पण त्याचा परवलीचा शब्द फक्त तिलाच माहीत होता. पडद्यावर येणारी ओळ मी लिहिली: ‘रिकामी गाडी भरलेल्या गाडीहून जड आहे. पुन्हा वजन करा.’ त्यात कृपया नव्हते.

मोळीच्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो. मांडव होता, बँड होता, गव्हाणीला झेंडूच्या माळा होत्या. मॅडम बायकांच्या बाजूला पुढच्या रांगेत बसल्या होत्या, नवीन साडी आणि तेच कॅनव्हासचे बूट. जुने कामगार येऊन नमस्कार करून जात. काट्याच्या खोलीची खिडकी मांडवातून दिसत होती. आत मलकापूरची होती आणि तिच्या मागे, हाताची घडी घालून, विभागप्रमुख.

मानाची बैलगाडी सजवून आणली होती. शिंगांना बेगड, अंगावर झुली. पूजेपुरता थोडा ऊस गाडीत होता, पण पद्धत म्हणून तिचेही वजन झाले. खिडकीतून टाळ्या ऐकू आल्या, काटा चालला होता. गाडी गव्हाणीपाशी गेली, चेअरमन आणि संचालकांनी मोळी टाकली, नारळ फुटला, भोंगा वाजला. गाडी रिकामी झाली. तेव्हा फोटोग्राफरला सुचले की संचालक मंडळ गाडीत उभे राहिले तर फोटो छान येईल.

संचालक मंडळ गाडीत चढले. फोटो झाला. खाली उतरायला कुणाला सुचले नाही, गाडीवानाने बैल हाकले, बँड पुढे निघाला, आणि फेटे बांधलेल्या संचालक मंडळासह ती रिकामी गाडी परतीच्या वजनासाठी काट्यावर चढली.

मशीन थांबले. बारीक आवाजात ते वाजत राहिले. मागे ऊस भरलेल्या गाड्यांची रांग होती, ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवू लागले. बँड थांबला. विभागप्रमुख खिडकीतून मांडवाकडे बघत मोठ्याने म्हणाले, “पडलं बंद! पहिल्याच गाडीला!”

आम्ही उठून खिडकीजवळ गेलो. मॅडम उठल्या नाहीत.

मलकापूरची पडद्याकडे बघत होती. मग तिने मान बाहेर काढून काट्याच्या कडेला बघितले, आणि मग गाडीत.

“मशीन चालू हाय,” ती म्हणाली.

“चालू हाय तर पावती कुठं हाय?” विभागप्रमुखांचा आवाज खाली आला. “हे बघ पोरी, बोर्ड बसलंय गाडीत. हातानं आकडा घाल आणि सोड. एका गाडीनं काय होतंय? पावती निघाली की मी बी म्हणतो चालू हाय. न्हायतर अट ठाऊक हाय न्हवं?”

परवलीचा शब्द तिच्याकडे होता. चार बटने दाबली असती तर पावती आली असती, बँड वाजला असता आणि काट्यावरची जागा तिची राहिली असती. तिने मांडवाकडे बघितले. सगळ्यांनीच बघितले. मॅडम मान वर करून कारखान्याची चिमणी बघत होत्या. धूर नीट निघतो आहे की नाही याची त्यांना फार काळजी असावी.

मलकापूरचीने खिडकीतून डोके बाहेर काढले.

“साहेब, उतरा.”

“काय?” गाडीतून चेअरमन म्हणाले.

“गाडीतनं खाली उतरा. सगळ्यांनी. तुमचं वजन उसात धरता येत न्हाय.”

कुणी हसले नाही. विभागप्रमुख म्हणाले, “अगं, कुणाशी बोलायलीस?”

“काट्यावर हुकूम माझा हाय, ह्ये ठरलंय,” ती म्हणाली. “आज ह्यांना सोडलं तर उद्या मागच्या गाड्यांवर गावं बसून येत्याल.”

रांगेतल्या एका ट्रॅक्टरवाल्याला ही कल्पना आवडली. तो ओरडला, “साहेब, उतरा की! आमचा ऊस वाळाय लागलाय!” मग मागून दुसरा, तिसरा. मानाच्या गाडीचा गाडीवान मान न वळवता म्हणाला, “बैलंबी दमल्यात, मालक.”

चेअरमन उतरले. त्यांच्यामागे एकेक संचालक धोतर सावरत उतरला. सगळ्यात जाडजूड संचालकांना दोघांनी हात दिला, आणि काट्यावरचा लाल आकडा एकदम खाली आला तेव्हा रांगेतून शिट्टी आली. पावती छापून निघाली. ऊस अगदी थोडा होता, पण होता तेवढाच पावतीवर आला.

चेअरमननी पावती घेतली आणि उलटसुलट करून बघितली. मागून कुणीतरी म्हणाले, “विरोधकांना ह्यांच्या वडलांपास्नं जमलं न्हाय, पोरीनं एका हाकेत उतरवलं!” तेव्हा मात्र सगळा मांडव हसला, आणि चेअरमनही. ते विभागप्रमुखांना म्हणाले, “तुमच्या पुण्याच्या माणसाला कळवा, येऊ नगा म्हणावं. हिनं मला सोडलं न्हाय, ही कुणाला सोडतीय?”

परतताना जीपमध्ये आम्ही सगळ्या एकदम बोलत होतो. इचलकरंजीचीचा आवाज पंचगंगेच्या पुलापर्यंत पुरला. मॅडम पुढे बसल्या होत्या. पूल ओलांडल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “‘कृपया उतरा’ म्हणाली न्हाय, बरं झालं.”

त्यानंतर कंपनीला इतर कारखाने मिळाले. मुलीही जाऊ लागल्या. पुण्यात, बंगळूरात मोठ्या कंपन्यांना माणसे हवी होती. मुलगी सोडून चालली की मॅडम पेढे आणत आणि तिच्या घरच्यांना स्वतः फोन करत. इचलकरंजीची आज परदेशात एका मोठ्या तुकडीची प्रमुख आहे. ती मला म्हणाली होती, तिथल्या पहिल्या बैठकीत साहेबांनी विचारले, आज बैठक कोण चालवणार? तिने हात वर केला. शेजारच्याने नंतर विचारले, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, “सोमवार होता.”

मॅडमना लोक विचारत, तुमच्यानंतर कोण? त्या म्हणत, “वार बघून सांगतो.” त्यांनी कुणाला हाताखालची प्रमुख म्हणून कधी नेमले नाही. मलकापूरचीलाही नाही. ती हंगामात काट्यांवर आणि एरवी उद्यमनगरात असे, आणि तिचा सोमवार आला की खुर्चीत बसे. मग तिलाही पुण्याहून बोलावणे आले. पगार ऐकून मिस्त्रींनी लेथ बंद करून पुन्हा विचारून घेतला. मॅडम पेढे घेऊन आल्या. डबा दोन दिवस कपाटावर राहिला, कारण मलकापूरची जाते म्हणत नव्हती आणि राहते असेही म्हणत नव्हती.

दोन हजार साल उलटून काही वर्षे झाली होती. त्या आठवड्यातला सोमवार तिचा होता. दिवस नेहमीसारखा गेला. मंगळवारी सकाळी ती खुर्ची मॅडमना मोकळी करून द्यायची म्हणून टेबल आवरून उभी होती. मॅडम आल्या. हेल्मेट खिळ्याला लावले. आतल्या खोलीत न जाता त्या दाराजवळच्या टेबलावर बसल्या, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि दूध संस्थेचे कागद पुढे ओढले.

मलकापूरची दारात आली. “मॅडम, आज मंगळवार हाय.”

“कोण म्हणतंय?” मॅडमनी पडद्यावरची नजर काढली नाही. “मी तर सोमवारच धरलाय.”

ती तशीच उभी राहिली. आतल्या टेबलावर फोन वाजू लागला. मॅडमनी दोन आकडे चढवले. फोन वाजतच होता.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “बसा की. फोन वाजाय लागलाय.”